आराम करणारा इलेक्ट्रॉन

सर्वप्रथम अभिनंदन. दहावीला ९२ टक्के पडले, स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला, त्या फ्लेक्सवर तुमच्यापेक्षा मोठा फोटो काकांचा आला आणि घरादारानं ठरवून टाकलं की पोरगं डॉक्टर होणार. आता मध्ये फक्त फिजिक्स उरलंय. ही मार्गदर्शिका मुखेड, कंधार, देगलूर, जळकोट, उदगीर या टापूतल्या अशा मुलामुलींसाठी आहे, ज्यांनी आजवर गती भरपूर पाहिली, अंगावर झेलली, पण तिचं गणित कधी केलं नाही. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं फिजिक्सला घाबरत होतो. शिकवताना तो दुसरा अनुभव जास्त कामाला येतो.

साहित्य: एक पेन्सिल, कोरा कागद (मागं लग्नपत्रिका छापलेली असली तरी चालेल), डावा हात आणि एक गोफण. गोफण नसेल तर आज्जाला विचारा, माळवदावर कुठंतरी पडलेली असते. सूत्रांची खिशात मावणारी पुस्तिका आणली असेल तर तूर्त उशीखाली ठेवा. तिथं ती कुणाला इजा करत नाही.

पायरी पहिली: घाबरून घ्या. हे काम सुरुवातीलाच उरकलेलं बरं, नाहीतर ते परीक्षेच्या दिवशी करावं लागतं. प्रश्न असा सुरू होतो: 'ॲन इलेक्ट्रॉन स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट...' गेल्या वर्षी एका मुलाला म्हटलं, अर्थ सांग. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, इलेक्ट्रॉन आराम करायला होता, तिथून निघालाय." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण पोरानं सगळ्यात अवघड काम केलं होतं. त्याला फक्त एवढंच पुढं सांगायचं राहिलं की आराम करणाऱ्याचा वेग शून्य असतो, म्हणून यू बरोबर शून्य.

आपल्याकडचं निम्मं फिजिक्स इथंच अडतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. वेग, त्वरण, विस्थापन, जडत्व ही मंडळी तिथं चांगली ओळखीची झालेली असतात. अकरावीला तीच माणसं नाव बदलून येतात. लग्नानंतर रत्नामावशीची सुनंदाकाकू झाली की लहानपणी आपण तिच्याकडं अनोळखी नजरेनं बघायचो, तसं मूल ॲक्सिलरेशनकडं बघतं. मावशी तीच आहे, नमस्कार करा. 'स्मूथ' म्हणजे घर्षण धरायचं नाही. 'युनिफॉर्म फील्ड' म्हणजे सगळीकडं सारखं असलेलं क्षेत्र, त्याचा शाळेच्या गणवेशाशी संबंध नाही. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे जिचं वजन हिशेबात घ्यायचं नाही अशी दोरी. एका मुलीनं मात्र पुलीवर दिवाळीची माळ काढली होती, बल्बसकट. चित्र सुबक होतं, मी अर्धा गुण दिला. आणि 'चार्ज किती आहे?' असं विचारल्यावर मागच्या बाकावरून "चाळीस टक्के, सर" असं उत्तर आलं तर त्याला बाहेर काढू नका, त्याला एक दशांश सहा गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलंब ही संख्या पाठ करायला लावा. एका इलेक्ट्रॉनवर एवढाच प्रभार असतो, तोही ऋण. तो उतरत नाही आणि चढवताही येत नाही.

पायरी दुसरी: चित्र काढा. सूत्र लिहू नका.

ही पायरी कुणीच पाळत नाही, म्हणून जरा उदाहरण देऊन सांगतो. मुखेड आगाराची बस ताशी ५४ किलोमीटरनं चाललीय. (आपल्या रस्त्यांवर ५४चा वेग हे गृहीतक आहे, आणि फिजिक्समध्ये गृहीतकांवर हसायचं नसतं.) पुढ्यात शेळी आली. डायव्हरनं ब्रेक दाबला, वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंदानं घटू लागला. बस किती अंतरावर थांबेल?

मूल दोन सेकंदांत लिहितं: व्ही स्क्वेअर बरोबर यू स्क्वेअर प्लस टू एएस. झकास. मग यूच्या जागी ५४ घालतं. ५४चा वर्ग २९१६, भागिले ६, उत्तर ४८६ मीटर. म्हणजे शेळी बघून ब्रेक दाबला तो स्टँडवर आणि गाडी थांबली ती अर्ध्या किलोमीटरवर. त्या मुलाच्या घरी तीन शेळ्या आहेत, तो रोज या बसनं येतो, रोज ती थांबताना बघतो, पण वहीत उत्तर लिहून खाली दोन रेघा मारून मोकळा. का, तर पुस्तकातली बस वेगळी आणि आपली बस वेगळी, असं त्याच्या डोक्यात कुणीतरी घट्ट बसवलंय.

तर चित्र काढा. एक चौकोन, त्याच्यापुढं शेळी, वेगाचा बाण पुढं, त्वरणाचा बाण मागं. चौकोनावर '५४ किमी' लिहिताना पेन्सिल थबकली पाहिजे, कारण त्वरण मीटर आणि सेकंदात आहे. किलोमीटर प्रतितासाला ५ भागिले १८नं गुणायचं, आले १५ मीटर प्रतिसेकंद. १५चा वर्ग २२५, भागिले ६, साडेसदतीस मीटर. पाच सेकंदांत गाडी उभी. मागच्या बाणाचं उणे चिन्ह विसरलात तर उत्तर उणे साडेसदतीस येतं, म्हणजे ब्रेक दाबताच बस मागं गेली. आपल्या घाटात असंही होतं म्हणा, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याला हँडब्रेक लागतो.

जरा पुढं जाऊ. वेग दुप्पट करा, ताशी १०८. थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं: १५० मीटर. वर्ग आहे ना तिथं. शिवाय शेळी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातो, त्यात गाडी आणखी ३० मीटर सरकलेली असते. स्टँडबाहेर मोटरसायकल उडवणाऱ्या ज्या मित्राला हे समजावायचंय त्याच्यासमोर सूत्र काढू नका, शेळी काढा.

ब्रेक लागला तेव्हा आत काय झालं तेही बघून ठेवा. मागं एकदा कंधारच्या रस्त्यावर माझ्या शेजारच्या मावशींच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. गाडी थांबली, मावशी दांडी धरून थांबल्या, डबा थांबला नाही. तो आधीच्याच वेगानं पुढं गेला आणि दोन सीट पुढच्या धोतरवाल्या आजोबांच्या पायाशी उघडला. त्याला थांबवणारं बल कुणी लावलंच नव्हतं. न्यूटननं १६८७ साली जे छापलं ते एवढंच. मावशी डायव्हरला बोलल्या ते मात्र छापण्यासारखं नाही.

पायरी तिसरी: अंतर आणि विस्थापन यांत गफलत करू नका. यासाठी सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे लातूर. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जादा तास, सराव परीक्षा, चुकलेलं परत करून घेणं असं सुरू झालं, त्याला पुढं 'लातूर पॅटर्न' नाव पडलं आणि अख्ख्या मराठवाड्यातली पोरं लातूरच्या खोल्यांत राहायला गेली. (वाघमारे सर विषयानं इंग्रजीचे. पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) आता तुमचा थोरला चुलतभाऊ घ्या. मुखेडहून लातूरला गेला, दोन वर्षं राहिला, मेसचे पैसे, खोलीचं भाडं, क्लासची फी, दर महिन्याला घरून डबे घेऊन बापाच्या फेऱ्या, आणि शेवटी बी.एस्सी.ला मुखेडलाच ॲडमिशन. अंतर: काही हजार किलोमीटर. विस्थापन: शून्य. विस्थापन काढताना फक्त निघालो कुठून आणि पोचलो कुठं एवढंच बघतात, मधलं सगळं मोजत नाहीत. त्याच्या वडिलांना हे सांगू नका.

त्याच पायरीवर आणखी एक खड्डा आहे. नांदेडला जाताना ताशी ६०, येताना ताशी ३०. सरासरी चाल किती? वर्गातले चाळीस जण एका सुरात '४५' म्हणतात. समजा अंतर ६० किलोमीटर. जायला एक तास, यायला दोन. १२० किलोमीटर, तीन तास, उत्तर ४०. हळू चालणाऱ्या गाडीत तुम्ही जास्त वेळ बसता, म्हणून सरासरी तिच्याकडं झुकते. हे सूत्रानं कळत नाही, परतीच्या गाडीत उभं राहून आलं की कळतं.

चौथी पायरी आहे विहिरीत दगड टाकायची. पुस्तकातलं गणित म्हणतं की दगड सोडल्यावर ३ सेकंदांनी पाण्याचा आवाज आला. आवाज वर यायला लागणारा वेळ सोडून द्या, गुरुत्व त्वरण १० धरा: खोली ४५ मीटर, जवळपास दीडशे फूट. आपल्याकडं खोली परसात सांगतात, आणि एवढ्या परसाची विहीर कुणी खांदत नाही, बोअर घेतो. एप्रिलमध्ये करून बघितलंत तर पाण्याचा आवाज येणारच नाही, खडकाचा येईल. ही पायरी पावसाळ्यानंतर करा.

आता कण. इथपर्यंत पोरं माझ्यासोबत असतात. इलेक्ट्रॉन आला की चेहरे बदलतात, देव्हाऱ्यात पादत्राणं घालून शिरल्यासारखे. म्हणून आधी माळवदावर जाऊ.

माळवद ५ मीटर उंच धरा (वाडा आहे, घर नव्हे). एक दगड कडेवरून नुसता सोडला, दुसरा त्याच क्षणी आडवा, जोरात अंगणाबाहेर भिरकावला. आधी खाली कोणता पडेल? दोन्ही एकदमच, एका सेकंदात. आडव्या फेकलेल्याचा आडवा वेग तसाच राहतो, खाली पडणं त्याचं त्याचं चालू असतं. एकाच पोराला आई खाली ओढतेय आणि तो पुढं पळतोय. दोन्ही हिशेब वेगळे ठेवायचे आणि शेवटी एकत्र करायचे, की वाटेचा वक्र मिळतो. तो म्हणजे पॅराबोला.

आता माळवद काढून टाका. दोन सपाट पत्रे समोरासमोर, एक धन, एक ऋण, आणि मधून एक इलेक्ट्रॉन आडवा शिरतोय. वाट तीच. फरक इतकाच की आधी ओढणारी जमीन होती, आता धन पत्रा आहे. 'सर, एमजी धरायचं का?' हा प्रश्न दरवर्षी येतो, त्याचं उत्तर एकदाच करून दाखवतो. पत्र्यांत १ सेंटिमीटर अंतर आणि १०० व्होल्ट असले तर इलेक्ट्रॉनवरचं विद्युत बल त्याच्या वजनाच्या सुमारे १८० लाख कोटी पट भरतं. पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर मुंगी बसली म्हणून कुणी काट्यावर परत जात नाही. वजन सोडून द्या.

हाच इलेक्ट्रॉन ऋण पत्र्यापाशी आराम करत होता असं धरा. १०० व्होल्ट ओलांडून पलीकडं पोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० किलोमीटर होतो. तेच १०० व्होल्ट उलट बाजूनं प्रोटॉनला दिले तर? दोघांच्या प्रभाराचा आकडा सारखा, म्हणून मिळणारी ऊर्जाही सारखी. पण प्रोटॉन १,८३६ पट जड, म्हणून त्याचा वेग जवळपास ४३ पट कमी. रिकामी लुना आणि सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर, दोघांना सारखंच पेट्रोल पाजलं. कोणाची ऊर्जा जास्त असं विचारलं तर सारखी म्हणा. कोण आधी पोचेल ते सांगायला नको. वेग काढताना वर्गमूळ घ्यायला विसरलात तर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाखपट वेगानं पळेल. असं उत्तर आलं की ओरडून कुणाला दाखवू नका, शांतपणे एक ओळ वर जा.

पायरी परत दुसरी: चित्र. हो, परत. कारण आता चुंबक येतोय.

इथं गोफण काढा. ज्वारी निसवली की आज्जा मचाणावर उभा राहून पाखरं हाकायचा. गोफणीच्या खोळीत खडा, दोन्ही दोऱ्या मुठीत, डोक्यावर दोन-तीन गिरक्या, आणि एक दोरी सोडली की फटका वाजायचा. लहानपणी मला वाटायचं खडा गोल फिरता फिरता गोलच जाईल. तो सरळ जातो, सोडला त्या क्षणी त्याचं तोंड जिकडं होतं तिकडं. म्हणजे फिरत होता तोवर मूठ त्याला सारखी आत ओढत होती, वाट मोडत होती, पण नेमकी आत ओढल्यानं त्याचा वेग वाढत किंवा घटत नव्हता, फक्त दिशा बदलत होती. (आज्जा वेग वाढवायचा तो मनगटाच्या हिसक्यानं. ते परीक्षेत येत नाही.)

चुंबकीय क्षेत्रात काटकोनात शिरलेला कण म्हणजे दोरी नसलेली गोफण. बल कायम वेगाच्या काटकोनात, म्हणून वाट वर्तुळाची, आणि चाल तशीच. 'चुंबकीय बलानं केलेलं कार्य किती?' असं विचारलं तर आकडेमोड न करता शून्य लिहा आणि वाचलेला वेळ पाणी प्यायला वापरा. वर्तुळाची त्रिज्या एमव्ही भागिले क्यूबी: जड किंवा वेगवान कण मोठी चक्कर घेतो. गंमत पुढं आहे. वेग दुप्पट केला की चक्करही दुप्पट मोठी होते, म्हणून एका फेरीचा वेळ तेवढाच राहतो. ही साधी गोष्ट अर्नेस्ट लॉरेन्सच्या ध्यानात आली, आणि त्यानं दर अर्ध्या फेरीला कणाला ठरावीक ठेक्यात टोला देणारं यंत्र केलं, सायक्लोट्रॉन. १९३९चं नोबेल त्यालाच मिळालं.

मधूनच एखादे वडील दारात उभे राहून विचारतात, "सर, पोरगं रात्रंदिवस ह्येच करायलंय. डाक्टरला ह्याचा काय उपयोग?" त्यांना मी खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात असंच यंत्र आहे ते सांगतो. तिथं वेगवान प्रोटॉन नेमके गाठीवर सोडतात. मुंबईला टाटाला जाऊन आलेलं कुणी ना कुणी प्रत्येक गावात आहे. ते वडील मग परत तो प्रश्न विचारत नाहीत.

दिशा काढायला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दहावीतच शिकवलाय. तर्जनी क्षेत्राकडं, मधलं बोट विद्युतधारेकडं, अंगठा बलाकडं. परीक्षेच्या हॉलमध्ये हा प्रश्न आला की शंभर पोरं एकदम हात मुरडायला लागतात, अंगात आल्यासारखी. पर्यवेक्षक नवीन असला तर घाबरतो. दोन सूचना. एक, कण इलेक्ट्रॉन असेल तर धारा त्याच्या धावण्याच्या उलट धरायची. दोन, डावखुऱ्या मुलांनी पेन खाली ठेवावं. डाव्या हातात पेन असतं म्हणून ती बिचारी उजवा हात मुरडतात आणि उत्तर बरोबर उलटं येतं. माझ्या पाहण्यात अशा दोन मुली आहेत, दोघीही हुशार.

चुंबकाच्या बाबतीत मी स्वतः एक प्रयोग केलाय, त्याची जबाबदारी घेतो. आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तो शेजारच्या नानांकडं. मी मोडक्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरमधला काळा गोल चुंबक काढला होता. नाना झोपलेत बघून तो पडद्याला लावला. निवेदिकेचा अर्धा चेहरा हिरवा, अर्धा जांभळा झाला आणि चुंबकाबरोबर सरकायला लागला. अशा टीव्हीत मागून येणारे इलेक्ट्रॉन वीस हजारांहून जास्त व्होल्टनं पळवलेले असतात. माझ्या चुंबकानं त्यांची वाट वाकवली आणि ते चुकीच्या रंगाच्या ठिपक्यावर पडू लागले. जे. जे. थॉमसननं १८९७मध्ये काचेच्या नळीत पत्रे आणि चुंबक लावून हेच केलं, त्याला इलेक्ट्रॉन सापडला. मला नाना सापडले, जागे. चुंबक काढला तरी पडद्यामागच्या जाळीत चुंबकत्व राहून गेलं होतं, त्यामुळं कोपऱ्यातला जांभळा डाग गेला नाही. पुढं बरेच दिवस त्या कोपऱ्यात आलेला प्रत्येक फलंदाज जांभळा दिसायचा. तो डाग का राहिला हे मला बारावीत कळलं. नानांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "आता सांगायलास?"

परीक्षेबद्दल थोडक्यात. २०२५च्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, त्यातले ४५ फिजिक्सचे, बरोबरला ४, चुकीला उणे १. त्या वर्षी फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं, त्यात आमच्याकडची पोरंही होती. मिनिटाला एक प्रश्न म्हटल्यावर चित्र काढायला वेळ कुठून आणायचा, असं सगळे विचारतात. चित्राला दहा सेकंद लागतात. ४८६ मीटरवर थांबलेली बस शोधायला पाच मिनिटं.

गृहपाठ: वरच्याच दोन पत्र्यांत, १ सेंटिमीटर आणि १०० व्होल्ट, ऋण पत्र्यापाशी एक इलेक्ट्रॉन आराम करतोय. तो पलीकडं किती वेळात पोचेल? उत्तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या साडेतीन पटींपेक्षा किंचित कमी यायला हवं. मागच्या वर्षी एकाचं चार तास आलं होतं, तो इलेक्ट्रॉन बहुतेक नरसीमार्गे गेला असावा. अडलात तर संध्याकाळी सहानंतर या, फी नाही. फक्त येताना चित्र काढून आणा, नुसतं सूत्र लिहून आणलेल्यांना दारातूनच परत पाठवतो.